पालिकेच्या हायस्कूलचा रिव्ह्यू : मोठी शिकून बाहेर पडली, लहाना अजून आत आहे

पाच पैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार टाकता येत नाही म्हणून वरती तीनच दिसतील, तो अर्धा मनात धरा.

शाळेचं नाव, गावाचं नाव टाकत नाही. आपल्या खानदेशात हायस्कूल म्हटलं की बहुतेक संस्थांची, पालिकेची मोजकीच, त्यामुळे तापीकाठचा तालुका एवढं सांगितलं तरी बस झालं, जास्त सांगितलं की ओळखू येईल आणि मग मला उद्या सकाळी त्याच सरांच्या समोर उभं राहायचंय. माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान शाळेच्या जवळच आहे, शाळेचे निम्मे कागद माझ्याच मशीनमधून जातात, म्हणून थोडंफार आतलं माहिती आहे. बाकी पालक म्हणून जे पाहिलं ते.

पहिले निकालाचं बोलू, कारण सगळे तेच विचारतात. जूनमध्ये गेटवर मोठा फ्लेक्स लागतो, निकाल एवढे टक्के, पहिल्या पाच पोरांचे फोटो, वरती नगरसेवकांचे त्याच्या दुप्पट मोठे फोटो. बाहेरगावचे लोक तो फ्लेक्स बघून ॲडमिशनला येतात. आता २०२५ ला अख्ख्या राज्याचाच दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता, म्हणजे नव्वदच्या वरचा निकाल ही काही शाळेची कमाई नाही, तो आजकाल सगळ्यांचाच लागतो. दुसरं म्हणजे फ्लेक्सवर पोरांच्या फोटोखालची टक्केवारी बेस्ट ऑफ फाईव्हची असते, सहा विषयांतले चांगले पाच धरायचे, सहाव्याचं नाव नाही. तो सहावा आपल्याकडे कोणता असतो हे सांगायला पाहिजे का? गणित. त्यात गणित आणि विज्ञान दोन्ही मिळून ७० झाले आणि प्रत्येकी २५ असले तरी पास, म्हणजे गणितात २७ आणि सायन्सला ४३ पडले तरी पोरगं पास, पेढे, फ्लेक्स सगळं होतं. वरून प्रत्येक विषयाचे तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० मार्क शाळेच्याच हातात, ते द्यायला कोणतीच शाळा हात आखडत नाही, ही पण नाही.

मी पोरांच्या विरोधात बोलत नाहीये, पास होऊ द्या ना सगळ्यांना. पण मग अकरावी सायन्सला जाऊन तेच पोरगं दिवाळीपर्यंत रडत घरी येतं, आणि ज्याला पोलीस भरती करायचीये त्याच्या पेपरला अंकगणित असतंच, तिथे बेस्ट ऑफ फाईव्ह नाही. म्हणून माझं एकच सांगणं आहे, ह्या शाळेत (किंवा कोणत्याही) ॲडमिशन घ्यायच्या आधी निकाल विचारू नका, यंदा नववी-दहावीला गणित आणि इंग्रजी कोण घेतंय ते नावानिशी विचारा. उत्तर द्यायला हेडसर थांबले की समजून जा.

कारण सांगतो. मोठी आठवीत असताना गणिताचे जुने सर होते, एकदम कडक, पण फळ्यावर भूमितीची आकृती अशी काढायचे की पट्टी लावून बघा. ते रिटायर झाले. जागा रिकामी. मग पवित्र पोर्टल (सरकारची ऑनलाईन शिक्षकभरती), मग संच मान्यता (पटावरच्या पोरांवरून शिक्षकांच्या जागा ठरवणं), मग आचारसंहिता, हे शब्द मला आता पाठ झालेत कारण दर मीटिंगला हेच ऐकवतात. मधल्या काळात सायन्सच्या मॅडमनी गणित घेतलं, मग त्यांना पण निवडणुकीच्या कामाला लावलं, मग तासिकेवर एक मुलगी आली, गावातलीच, एमएस्सी झालेली. आता गंमत अशी की ह्या तासिकावाल्या मॅडम सगळ्यात भारी निघाल्या. पोरांना वर्गसमीकरण शिकवताना पहिले मराठीत, मग पुस्तकातलं इंग्रजी, आणि तरी तोंडं कोरी दिसली की सरळ अहिराणीत. मोठी सांगायची की त्या तासाला मागच्या बाकावरची पण पोरं हात वर करतात. पण तासिकेचं काम म्हणजे तासाचे पैसे, ते पण कधी मिळतील देव जाणे, आणि वर्ष संपलं की विषय संपला. पुढच्या वर्षी मॅडम एका प्रायव्हेट क्लासला लागल्या, आता तीच पोरं त्यांच्याचकडे फी भरून शिकतात. मॅडमला कोण नाव ठेवणार, त्यांना पण पोट आहे.

सेमी इंग्लिशचं पण ऐकून घ्या. बोर्डवर लिहिलंय सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. पण शिकवणारे स्वतः मराठीतून शिकलेले, पुस्तक इंग्रजी वाचायचं आणि सांगायचं मराठीत, पेपरात उत्तर लिहायचं ते पोरं अख्खं पाठ करतात. ज्या घरी बघायला कोणी आहे तिथे जमून जातं. ज्यांच्या घरी आईबाप दोघं मजुरीला, त्यांनी मराठी तुकडीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, शेजारचा काय म्हणेल ह्याचा विचार करू नका. बोर्डाचं सर्टिफिकेट दोघांना सारखंच.

आता चांगलं सांगतो, आणि चांगलं खरंच खूप आहे.

एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची स्कॉलरशिप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आठवीत परीक्षा असते, सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या पोरांसाठीच, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, सातवीला ५५ टक्के (एससी-एसटीला ५०). बुद्धिमत्तेचे ९० मार्क, शालेय विषयांचे ९०. लागली की नववी ते बारावी महिन्याला १००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००, चार वर्षात ४८,०००. फी भरून इंग्लिश मीडियमला पाठवलेल्या पोराला ही परीक्षा देताच येत नाही, हे अर्ध्या गावाला माहीत नाही! आमच्या शाळेत इतिहास-भूगोलाचे एक सर हे काम बघतात. त्यांचा विषय नाही, वेगळा पगार नाही. शाळा भरायच्या आधी तासभर पोरं बसवतात, आकृत्यांचे, सांकेतिक भाषेचे, आरशातल्या प्रतिमेचे पेपर सोडवून घेतात. सरावाच्या पेपरांची झेरॉक्स ते स्वतःच्या खिशातून काढायचे, हे कळल्यावर मी फक्त कागदाचे पैसे घेतो. दरवर्षी काही पोरं लागतातच, आणि लागणारी पोरं कोण असतात तर केळीच्या गाडीवर जाणाऱ्याचा पोरगा, पाववाल्याची पोरगी. फ्लेक्सवर खरं तर ह्यांचे फोटो पाहिजेत.

पण परीक्षा लागली म्हणजे पैसे आले असं नाही बरका. दुकानात बसून मी सगळ्यात जास्त हेच बघतो. निकालानंतर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो, दरवर्षी रिन्यू करायचा असतो, आणि तिथे आधारवर ‘चौधरी’चं स्पेलिंग वेगळं, शाळेत वेगळं, बँकेत तिसरंच. मग पैसे अडकले की आईबाप शाळेला शिव्या देतात. शाळेने सातवीतच सगळ्यांचे आधार आणि रजिस्टरचं नाव ताडून घेतलं तर हा त्रास वाचेल, मी हेडसरांना बोललो पण आहे, हो म्हणाले, अजून काही झालं नाही. आणि दहावीला ६० टक्क्यांच्या खाली गेलं की अकरावीला स्कॉलरशिप बंद (एससी-एसटीला ५५), हे नववीच्या पालकांना कोणीच सांगत नाही.

चित्रकलेचे सर. ह्यांच्यासाठी वेगळा स्टार. एलिमेंटरी, इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांना शाळेतून भरपूर पोरं बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि तो भूमिती-अक्षरलेखनाचा पेपर, सगळ्याची तयारी सर करून घेतात, रविवारी पण बोलावतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क वाढीव, बी ला ५, सी ला ३, त्यामुळे आजकाल आईबाप मार्कांसाठी पोरांना बसवतात, सरांना ते आवडत नाही पण येऊ दे म्हणतात, ब्रश तर धरेल. माझ्या मोठीने स्मरणचित्राला पोळ्याचा बाजार काढला होता, बैलांची शिंगं रंगवणारा म्हातारा एवढा हुबेहूब की मी फ्रेम करून दुकानात लावलाय. येणारे जाणारे विचारतात कुठून आणला. शाळेत भिंतीवर भित्तिपत्रक पण असतं, दर महिन्याला बदलतं असं म्हणतात, मी तरी गणपतीत लावलेलं दिवाळीला तसंच बघितलंय. अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवायला होते, छात्रालयातल्या पोरांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे, रोज! आपल्या जिल्ह्यातच झालेली गोष्ट आहे. आपलं महिन्याचं भित्तिपत्रक वेळेवर निघायला काय हरकत आहे.

खेळात मुलींची खोखोची टीम. तालुक्याला दबदबा आहे. क्रीडाशिक्षक स्वतः खेळलेले, पोरींना सूर मारायला मातीतच शिकवतात, गुडघे फुटतात, घरून ओरडा बसतो, पण टीम तयार होते. आमची मोठी दोन वर्ष खेळली. अडचण एसटीची. खेड्यावरच्या पोरी मानव विकासच्या (खेड्यावरच्या पोरींना शाळेत आणायची सरकारी योजना) निळ्या बसने येतात, पोरींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, चांगली सोय आहे, २०२४ पासून तर पास शाळेतच आणून देतात, आगारात रांग लावायची गरज नाही. पण बस शाळा सुटल्यावर लगेच निघते आणि प्रॅक्टिस तेव्हाच सुरू होते. म्हणजे टीममध्ये गावातल्याच पोरी राहतात आणि ज्या खेड्यावरच्या पोरी रोज शेतात पळतात, झाडावर चढतात, ज्यांचा खरा दम आहे, त्या खिडकीतून बघत निघून जातात. सरांनी सकाळची प्रॅक्टिस करून बघितली, हिवाळ्यात चालली, मग बंद पडली. आगारप्रमुखांना कोणी एक पत्र दिलं आणि पाठपुरावा केला तर अर्धा तास बस मागे जाऊ शकते असं मला वाटतं. पत्र टाईप करून मी फुकट देतो, सही करायला कोणी तरी या.

ग्राउंड शाळेचं आहे पण शाळेला मिळतंच असं नाही. सभा, लग्नाचं पार्किंग, नवरात्रात गरबा. धावपट्टीवर पांढऱ्या रेषेपेक्षा टायरचे डाग जास्त.

प्रयोगशाळा. कपाटं आहेत, काच आहे, आत बरण्या आहेत, कुलूप आहे. दहावीला विज्ञानाचे २० मार्क प्रात्यक्षिकाचे असतात म्हणून जानेवारीत कुलूप निघतं. सायन्सच्या मॅडम मात्र हुशार आहेत. लोखंडी खिळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) द्रावणात टाकायचा प्रयोग होता, तर बरणीतला मोरचूद संपलेला किंवा ओला झालेला, मागणी पाठवली तर ती येणार पुढच्या वर्षी. मॅडमनी वर्गात विचारलं, कोणाच्या घरी बोर्डो मिश्रण करतात रे? निम्मे हात वर, ती मोरचूद-चुन्याची फवारणी असते. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्राच्या पुडीतला मोरचूद, घरचा खिळा, काचेचा ग्लास, निळं पाणी फिकं होत गेलं आणि खिळ्यावर तांब्याचा लाल थर. लहान्याने घरी येऊन आजोबांना हे समजावून सांगितलं, चाळीस वर्ष फवारणी करणाऱ्या माणसाला, आणि बाबा ऐकत बसले! इन्स्पायर अवॉर्डला (पोरांच्या विज्ञानाच्या कल्पनांसाठी केंद्राची योजना) पण मॅडम कल्पना पाठवतात, निवड झाली की पोराच्या खात्यात १०,००० येतात मॉडेल करायला. फक्त एक तक्रार, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आजकाल काही मॉडेल बाजारातून रेडिमेड येतात, आमच्या शाळेचे पण एक-दोन येतात. परीक्षकांना कळत नसेल असं नाही.

कॉम्प्युटर लॅबबद्दल काय लिहू. आहे. बॅटरीबॅकअप गेलेला आहे. लाईट गेली की वर्ग सुटला.

कापसाच्या दिवसात या शाळेत हजेरी बघायला जा. दिवाळीनंतर वेचणीचा जोर असला की आठवी-नववीचे बाक रिकामे. मजूर मिळत नाही, किलोमागे भाव वाढलेला, घरातली पोरंच वेचतात. एकदा मी कागद द्यायला गेलो तर सर हजेरी घेत होते, विचारलं, “काल काबर नही उना रे?” पोरगा उभा राहून, “कापूस येचाले गयथू सर.” सगळा वर्ग हसला, सर पण हसले, आणि म्हणाले जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन ये. रागावले नाहीत हे मला फार आवडलं, कारण रागावले की ते पोरगं परत येतच नाही. चुकलेला भाग भरून काढायला ठरलेली अशी सोय शाळेत नाही, सरांच्या मनावर आहे. कोणी करतात, कोणी नाही. शाळेने हे वेळापत्रकातच धरलं पाहिजे, कापूस दरवर्षी येतो, अचानक थोडी येतो.

खिचडी आठवीपर्यंतच. नववीची पोरं लाईनच्या बाजूला उभी राहतात, आठवीतला भाऊ ताटात थोडी जास्त घेतो आणि मागे जाऊन देतो, वाढणाऱ्या मावशींना सगळं दिसतं, त्या काही बोलत नाहीत. चव ठीक. आठवीपर्यंत पुस्तकं पण फुकट मिळतात, शाळा उघडते त्याच दिवशी मिळतात, इथे तक्रार नाही. नववीपासून विकत.

गॅदरिंग मस्त होतं, अहिराणी गाण्यांवर पोरी नाचल्या की मागे उभ्या असलेल्या आज्या पण हात हलवतात. भाषणं निम्मी केली तर अजून मस्त होईल. एनसीसी आहे, परेड चांगली, स्काउट नावाला. संडास मुलींचे आता ठीक आहेत, पाणी असतं, आधी नव्हतं. मार्चपासून सकाळची शाळा करतात ते बरं, आपल्याकडचं ऊन माहिती आहे, पत्र्याच्या दोन खोल्या आहेत तिथे एप्रिलमध्ये बसून दाखवा.

पालक मीटिंग बाजाराच्या दिवशी ठेवतात. कोण येणार? मग वहीत लिहितात पालकांचा प्रतिसाद अल्प.

तर कोणी पोराला टाकावं? घरी कोणी रोज वही उघडून बघणार असेल, गणिताचं स्वतः बघाल किंवा क्लास लावायची तयारी असेल, तर डोळे झाकून टाका, बाकीचं ही शाळा पैसे न घेता देते आणि मनापासून देते. लहान्याला मी इथेच ठेवलंय, संस्थेच्या शाळेतून विचारणा आली होती तरी. यंदा त्याच्या वर्गाला गणिताला कायमचा माणूस आलाय, नवीन सर आहेत, धुळ्याकडचे, बघू किती टिकतात.

ॲडमिशनला जाणार असाल तर जुन्या शाळेचा दाखला, आधार, आणि असेल तर जातीचा दाखला, सगळ्याच्या दोन झेरॉक्स. दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तिथेच उभं राहून वाचा, दहावीचा दाखला हातात पडल्यावर त्यात बदल करणं म्हणजे भलतं किचकट काम. दहावीला बोर्डाची प्रीलिस्ट (फॉर्ममधली माहिती तपासायची यादी) येते सहीला, ती पण स्वतः बघा, पोरावर सोडू नका. आणि ऑफिसला दुपारी दोननंतर जा, त्याच्या आधी क्लर्कभाऊ पालिकेत गेलेले असतात.